आठवणी उगाळणारी माणसे : एका ‘लक्षणा’चा इतिहास

१/२४
‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज वापरतो. ‘म्हातारचळ’ हा शब्दही. आणि ‘तेच तेच सांगत बसतात’ ही तक्रार तर घरोघरी ऐकू येते. या तिन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे : उतारवयात मन केवळ झिजत जाते, त्यात नवे असे काही घडत नाही. हे गृहीत किती जुने आहे, आधुनिक वैद्यकाने त्याला कसे बळ दिले आणि १९६३ साली एका तरुण मनोविकारतज्ज्ञाने त्याला कसा धक्का दिला, याचा हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/२४
आधी एक कबुली. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी १९७२च्या दुष्काळाच्या मौखिक आठवणी गोळा करत होते. पहिली मुलाखत माणदेशातल्या आमच्या गावी, आजीची घेतली. खडी फोडण्याचे काम, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, सारे तिने तपशीलवार सांगितले. मग म्हणाली, तिची धाकटी मुलगी दुष्काळातच झाली आणि दुष्काळातच गेली. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मृत्यूचे साल मी आदल्याच दिवशी पाहिले होते : १९७४. मी तिला तिथल्या तिथे, चारचौघांत दुरुस्त केले. ती म्हणाली, “आसंल बाई. तुज्या कागदात हाय तर तेच खरं.” त्यानंतर रेकॉर्डरवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे.

३/२४
त्या शांततेने मला या विषयाकडे वळवले. (हे सारे आजीच्या परवानगीने लिहीत आहे.) म्हातारी माणसे भूतकाळाकडे का वळतात, हा प्रश्न नवा नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात तरुण, प्रौढ आणि वृद्ध यांच्या स्वभावांची तुलना केली आहे. त्याच्या मते वृद्ध संशयी, भित्रे आणि कोत्या मनाचे असतात. ते आशेपेक्षा स्मृतीवर जगतात, कारण पुढचे आयुष्य थोडे आणि मागचे फार. आणि म्हणूनच ते बडबडे असतात. शरीराचा बहर तीस ते पस्तीस, मनाचा एकोणपन्नासच्या सुमारास, असा हिशेबही तो देतो.

४/२४
हा ग्रंथ वक्त्यांसाठी होता, हे मात्र ध्यानात ठेवावे. श्रोत्यांत म्हातारे असतील तर त्यांना कसे पटवावे, यासाठी केलेले ते टिपण होते. याउलट ॲरिस्टॉटलचा गुरू प्लेटो आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाचा आरंभच एका म्हाताऱ्याच्या घरी करतो. सॉक्रेटिस वृद्ध केफॅलसला भेटतो आणि विचारतो : ज्या वाटेने बहुधा आम्हालाही जावे लागेल, त्या वाटेने तुम्ही पुढे गेला आहात; ती खडतर आहे की सुगम? केफॅलस सांगतो की समवयस्क रडगाणी गातात, पण दोष वयाचा नसून स्वभावाचा आहे. वृद्धाचे वर्णन करणे आणि वृद्धाला विचारणे, या दोन वाटा इथेच फुटल्या. पुढची अडीच हजार वर्षे बहुतेक विद्वान पहिल्या वाटेने गेले.

५/२४
दुसऱ्या वाटेवरचा एक प्रवासी म्हणजे रोमन वक्ता सिसेरो. इ.स.पू. ४५ मध्ये त्याची मुलगी टुलिया वारली. पुढच्याच वर्षी, बासष्टीत, त्याने वार्धक्यावर एक संवाद लिहिला. त्यातला वक्ता आहे चौऱ्याऐंशी वर्षांचा केटो. वार्धक्य कामातून उठवते, शरीर दुबळे करते, सुखे हिरावते आणि मृत्यू जवळ आणते, या चार तक्रारींना तो एकेक करून उत्तर देतो. आपण पुरलेले धन कोठे ठेवले हे विसरलेला म्हातारा मी पाहिलेला नाही, असा टोलाही मारतो. आणि म्हातारपण मुळात बोलके असते, हेही हसत कबूल करतो.

६/२४
त्याच संवादात नाटककार सोफोक्लीझची प्रसिद्ध कथा येते. बापाची बुद्धी चळली, घरचा कारभार त्याच्या हातून काढून घ्यावा, असा दावा मुलांनी न्यायालयात लावला. म्हाताऱ्याने नुकतेच लिहिलेले नाटक न्यायाधीशांना वाचून दाखवले आणि विचारले, हे बुद्धी चळलेल्या माणसाचे काम वाटते का? तो सुटला. कथा खरी असो वा रचलेली, ती एवढे नक्की सांगते की ‘म्हातारचळ’ हा आरोप तेव्हाही होता आणि त्यामागे मालमत्तेचा प्रश्नही तेव्हा होताच.

७/२४
आपल्याकडे पाहू. मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो की अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि नातवंडाचे तोंड दिसले की गृहस्थाने वनाची वाट धरावी. हा नियम झाला. पण त्या वयातल्या मनात काय चालते, हे पाहायचे तर महाभारताचे आश्रमवासिक पर्व वाचावे. युद्धानंतर पंधरा वर्षे धृतराष्ट्र पांडवांच्या आश्रयाने राहतो. युधिष्ठिर त्याचा मान राखतो. भीम मात्र त्याला ऐकू जाईल असे आपल्या बाहूंचे, म्हणजे त्याची मुले मारणाऱ्या बाहूंचे, गुणगान करतो. म्हातारा मनात कुढत राहतो आणि अखेर वनात निघतो.

८/२४
वनातही शांती लाभत नाही. मुलांचा शोक आणि स्वतःच्या दोषाची जाणीव पाठ सोडत नाही. तेव्हा व्यास एका रात्रीपुरते गंगेच्या पाण्यातून सारे मृत योद्धे वर आणतात. धृतराष्ट्राला दृष्टी मिळते, मुले दिसतात, वैर विसरून सारे भेटतात आणि पहाटे ते पुन्हा पाण्यात लोपतात. त्यानंतर त्याचे मन निवते. धर्मशास्त्राने वृद्धाला वन दिले. महाकाव्याने त्याला आपल्या भूतकाळाशी समोरासमोर भेटण्याची एक रात्र दिली. ही रात्र लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

९/२४
आता एकदम एकोणिसाव्या शतकात, पॅरिसला जाऊ. कारण वार्धक्याचे आधुनिक वैद्यक मोठ्या प्रमाणात तेथे घडले. सॅलपेट्रिएर या प्रचंड संस्थेत हजारो वृद्ध, निराधार, आजारी स्त्रिया राहत. १८६०च्या दशकात शार्को या डॉक्टरने तेथेच वृद्धांच्या आजारांवर व्याख्याने दिली. त्या निरीक्षणांचे मोल मोठे आहे. पण एक खोट राहिली. ज्यांना पाहून म्हातारपणाचे चित्र रेखाटले गेले, ती सारी माणसे गरीब, रुग्ण आणि संस्थेत ठेवलेली होती. आपल्या घरी, आपल्या माणसांत, बऱ्या प्रकृतीने राहणारा म्हातारा डॉक्टरांच्या वहीत आलाच नाही. रोगाचे चित्र हळूहळू वयाचे चित्र झाले.

१०/२४
शतकाच्या अखेरीस जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन याने उतारवयातील खिन्नतेला स्वतंत्र रोगाचे नाव दिले. त्या नावातच ‘ओहोटी’चा अर्थ होता. १९०६ साली त्याचा सहकारी आलोइस अल्झायमर याने ट्युबिंगेन येथे एका रुग्णेची हकीकत मांडली. ती १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. १९१० मध्ये क्रेपेलिनने त्या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. म्हणजे आज ज्या रोगाचे नाव आपण वार्धक्याशी सर्रास जोडतो, तो प्रथम नोंदला गेला तो म्हातारी न झालेल्या एका बाईमध्ये.

११/२४
त्याच सुमारास राज्यसंस्थाही वयाची रेघ ओढू लागली होती. जर्मनीने १८८९ मध्ये कायद्याने वृद्धांसाठी पेन्शन सुरू केले, वयोमर्यादा ७०. ब्रिटनने १९०८ मध्ये, तीही ७०. गरिबांसाठी हा फार मोठा आधार होता. पण त्याची दुसरी बाजूही होती. पूर्वी माणूस हात चालेनासे झाले की म्हातारा होई; आता तो एका ठरावीक वाढदिवशी म्हातारा होऊ लागला. कारखान्याच्या वेगात ‘नवे शिकण्याची क्षमता’ हेच मनाचे माप ठरले. या मापात आठवणीला, सबुरीला, नाती सांभाळण्याला गुण नव्हते.

१२/२४
१९०५ चा फेब्रुवारी. नामांकित डॉक्टर विल्यम ऑस्लर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडून ऑक्सफर्डला निघाले होते. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले की जगाचे खरे परिणामकारक काम पंचवीस ते चाळीस या वयात होते आणि साठीनंतरचा माणूस निरुपयोगी असतो. जोडीला अँथनी ट्रोलपच्या एका कादंबरीचा दाखला देऊन त्यांनी साठीनंतर क्लोरोफॉर्म देण्याचा विनोदही केला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत गहजब झाला. त्यांच्या नावावरून एक क्रियापदच काही काळ रूढ झाले. ऑस्लर तेव्हा स्वतः ५५ वर्षांचे होते.

१३/२४
त्याच्या थोडेच आधी, डिसेंबर १९०४ मध्ये, व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड डॉक्टरांपुढे मनोविश्लेषणाची ओळख करून देत होता. ही उपचारपद्धती कोणाला लागू पडत नाही, हे सांगताना त्याने पन्नाशीच्या आसपासच्या माणसांना बाजूला काढले : त्यांच्या मनाची लवचीकता सरलेली असते आणि चाळायची सामग्री अपरंपार असते. हे म्हणणारा फ्रॉइड ४८ वर्षांचा होता आणि पुढची तीन दशके तो आपले सिद्धांत नव्याने मांडत राहिला. पण त्याच्या त्या शेऱ्याचा परिणाम टिकला. वृद्धांचे दुःख ऐकून घेणे हे वेळेचा अपव्यय आहे, ही समजूत मानसोपचाराच्या व्यवसायात कित्येक वर्षे रुजून राहिली.

१४/२४
पहिला मोठा प्रतिवाद एका म्हाताऱ्यानेच केला. जी. स्टॅन्ली हॉल हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९०९ मध्ये फ्रॉइडला अमेरिकेत बोलावणारा आणि १९०४ मध्ये किशोरवयावर गाजलेला ग्रंथ लिहिणारा. १९२० मध्ये तो क्लार्क विद्यापीठाच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाला आणि आता आपण कोण, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. १९२२ मध्ये त्याने आयुष्याच्या उत्तरार्धावर ‘सेनेसन्स’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने वयस्कर लोकांना प्रश्नावली पाठवली. म्हणजे वर्णनाआधी विचारले. निष्कर्ष असा : किशोरवयाप्रमाणेच वार्धक्यालाही स्वतःची भावना, स्वतःचा विचार आणि स्वतःची इच्छाशक्ती असते. दोनच वर्षांत हॉल वारला आणि ग्रंथ बराचसा विस्मरणात गेला.

१५/२४
१९५० मध्ये एरिक एरिक्सनने पत्नी जोन हिच्या साहचर्याने घडवलेली आयुष्याच्या आठ टप्प्यांची मांडणी पुढे आली. फ्रॉइडच्या परंपरेत मनाची घडण बालपणीच बहुतांश पुरी होत असे. एरिक्सनने ती थेट मृत्यूपर्यंत नेली. शेवटच्या टप्प्यात माणसापुढे एकच काम असते : जे आयुष्य झाले ते आपले म्हणून स्वीकारणे, नाहीतर आता वेळ उरला नाही या हताशेत बुडणे. ही मांडणी करताना एरिक्सन अठ्ठेचाळिशीत होता. पुढे नव्वदीच्या घरातल्या जोनने त्यात नववा टप्पा जोडला (१९९७) : देहच साथ सोडू लागतो तेव्हा आधी जिंकलेल्या लढाया पुन्हा लढाव्या लागतात. आठवा टप्पा दुरून पाहिलेला होता, नववा आतून.

१६/२४
मध्यंतरी उलट दिशेचाही एक विचार प्रबळ होता. १९६१ मध्ये एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी कॅन्सस सिटीतील अभ्यासाच्या आधारे मांडले की वृद्ध समाजातून आणि समाज वृद्धांतून आपोआप अंग काढून घेतो. हे नैसर्गिक आणि दोघांच्याही हिताचे आहे. वानप्रस्थाची आठवण यावी असा हा सिद्धांत. टीकाकारांनी नेमके बोट ठेवले : माणूस स्वतःहून मागे सरतो आहे की त्याची खुर्ची काढून घेतली आहे, हे कसे ओळखायचे? न बोलणारा म्हातारा शांत आहे की त्याला कोणी विचारतच नाही?

१७/२४
आता या धाग्याचा नायक. रॉबर्ट बटलर, जन्म १९२७. न्यू जर्सीत आजी-आजोबांनी वाढवलेला मुलगा. आजोबा लहानपणीच गेले. महामंदीच्या दिवसांत आजीने त्याला सांभाळले. वैद्यकीय शिक्षणात मात्र त्याला वृद्ध भेटले ते टिंगलीचा विषय म्हणून. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तो एका वेगळ्या अभ्यासात सामील झाला. वेगळेपण हे की त्यातले वृद्ध निरोगी होते आणि आपल्या घरी राहत होते. पॅरिसच्या त्या संस्थेत राहिलेली खोट येथे भरून निघाली. आणि ही धडधाकट, शहाणी माणसेही सतत मागचे आठवत होती.

१८/२४
१९६३ मध्ये बटलरने ‘जीवनाचा आढावा’ या कल्पनेवर निबंध लिहिला. तोवर म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे भरकटणे, वेळ घालवणे किंवा बुद्धी ढळल्याची खूण मानली जाई. बटलरचे म्हणणे असे : अंत जवळ आल्याची जाणीव झाली की मन आपोआप जुने प्रसंग, विशेषतः न सुटलेले गुंते, पुन्हा वर आणते, जेणेकरून ते निरखता यावेत आणि नव्याने जुळवता यावेत. तेच तेच सांगणे हे या कामाचा भाग असू शकते. गाठ सुटली नाही म्हणून दोरा पुन्हा हाती घेतला जातो. महाभारतातली ती गंगाकाठची रात्र आठवावी.

१९/२४
बटलरने हे गुलाबी रंगात रंगवले नाही. आढाव्यातून समाधान मिळू शकते, तसेच अपराधभाव, खोल नैराश्य आणि हताशाही येऊ शकते. विशेषतः ऐकणारे कोणी नसेल तर. १९६९ मध्ये त्याने वयावरून होणाऱ्या भेदभावाला वंशभेदाच्या धर्तीवर नाव दिले. १९७५ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा पहिला संचालक झाला आणि १९७६ मध्ये त्याच्या पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ब्रिटनमध्ये पीटर कोलमन या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये आवश्यक पुरवणी जोडली : काही वृद्धांना आठवणे सुखवते, काहींना छळते आणि काहींना त्याची गरजच वाटत नाही. सर्वांना बळेच बोलते करणे हाही अन्यायच.

२०/२४
भावनांचे पुढचे कोडे लॉरा कार्स्टेन्सेन हिने १९९०च्या दशकात सोडवायला घेतले. वृद्धांचा गोतावळा आटतो, तरी त्यांच्यापैकी अनेकांचे भावनिक स्वास्थ्य तरुणांहून बरे असते, हे कसे? तिचे उत्तर : कारण वय नाही, उरलेल्या वेळेची जाणीव आहे. वेळ थोडा उरला की माणूस नव्या ओळखी सोडून जिव्हाळ्याची माणसे धरतो. याचा पुरावा इतिहासाने पुरवला. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाण्याआधी, ‘काहीतरी संपते आहे’ या भावनेत तेथील तरुणांनीही म्हाताऱ्यांप्रमाणेच आपल्या माणसांची निवड केली. हस्तांतरानंतर वर्षभराने हा कल ओसरला.

२१/२४
एक भेद इथे स्पष्ट केला पाहिजे. मागचे आठवणे वेगळे आणि आत्ताचे हरवणे वेगळे. तासाभरापूर्वी जेवल्याचे न आठवणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, रोजचे व्यवहार न जमणे ही रोगाची चिन्हे असू शकतात. तेथे डॉक्टरांकडेच जावे. महिनोनमहिने अन्नावरून, माणसांवरून मन उडणे हेही ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. वृद्धांचे नैराश्य उपचाराने बरे होऊ शकते. या साऱ्या इतिहासाचा धडा उपचार नाकारावेत असा नसून, रोग आणि वय यांची गल्लत करू नये, असा आहे. ती गल्लत दोन्हीकडून घातक ठरली : निरोगी माणसे वेडी ठरली आणि आजारी माणसे उपचाराविना राहिली.

२२/२४
इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुढे मात्र आणखी एक प्रश्न असतो : म्हातारा माणूस चुकीचे साल सांगतो तेव्हा काय करावे? अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाने याला दिलेले उत्तर आज जगभर शिकवले जाते. तेर्नी या पोलादनगरीत १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे अनेक जुने कामगार ठामपणे सांगत की तो १९५३ मध्ये, मोठ्या कामगार-कपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. पोर्तेल्लीने ही चूक पुसली नाही, वाचली. सोबती गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, ही सल असह्य होती. म्हणून सर्वांच्या स्मृतीने त्याचा मृत्यू उचलून, जेथे ते खरोखर लढले होते, त्या वर्षात नेऊन ठेवला.

२३/२४
मराठीचे या प्रकारच्या आठवणींशी जुने नाते आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आली. बाईंचे वय साठीच्या पुढचे होते आणि १९३६ मध्ये त्या गेल्या, शेवटचा भाग त्यांच्यामागून आला. आणि आठवणे म्हणजे थांबणे नव्हे, याची साक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे देतात. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र निघाले. त्याच वर्षी त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली आणि १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, समता संघ. ऑस्लरच्या हिशेबाने दोघेही निरुपयोगी वयाचे होते.

२४/२४
दिवाळीत मी आजीकडे पुन्हा गेले. रेकॉर्डर पिशवीतच ठेवला. विचारले, “आजी, ती दिसायला कशी होती गं?” आजी पुष्कळ वेळ बोलली. ७४ साली पाऊस बरा होता, खुरपणीचा दिवस बुडवणे परवडणारे नव्हते. पोरीला हगवण लागली होती. तिला थोरलीजवळ ठेवून आजी रानात गेली; उद्या तालुक्याला न्यायचे ठरले होते. हे तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते. शेवटी डोळे पुसून म्हणाली, “दुष्काळात लय पोरं गेली बाई.” या वेळी मी काही दुरुस्त केले नाही. दुष्काळात गेलेल्या लेकरासाठी आईला कोणी जाब विचारत नाही. शिवाय दुष्काळ कधी संपला हे सरकारी कागद सांगतात. तिच्या पोटात असताना उपाशी राहिलेल्या मुलीच्या अंगातून तो कधी गेला, हे कोणत्या नोंदवहीत असणार? प्रबंधात मी दोन्ही लिहिले आहे : नोंदवहीतले साल आणि आजीचा दुष्काळ. आता ती ही गोष्ट मला दर भेटीत सांगते, दर वेळी एखादा तपशील नवा असतो.

आपल्या घरातही अशी एखादी ‘तीच ती’ गोष्ट असेल. तिच्यात पुन्हा पुन्हा काय येते आणि काय गाळले जाते, हे ऐकून पाहावे. आणि सांगणाऱ्याची हरकत नसेल तर खाली लिहावे. धागा समाप्त.